बाबांना सुई नको वाटते. लाळेच्या तपासणीवरून मधुमेह कळेल का?

नाही, आज तरी निदान रक्तावरच होतं. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त. लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

लाळेत ग्लुकोज असतं, पण रक्ताच्या मानाने अगदी नगण्य. रक्तातली साखर वाढली की लाळेतलीही साधारण वाढते, हे खरं. अडचण अशी की सकाळचा चहा-बिस्किट दातांच्या फटीत अडकलेला असतो, तोंडातले जंतू त्यातली साखर खात बसलेले असतात आणि तोंड कोरडं असेल तर लाळच घट्ट येते. मग आलेला आकडा रक्तातल्या साखरेचा की बिस्किटाचा, सांगणार कोण? संशोधन चालू आहे, पण औषधाचा डोस ठरवण्याइतका भरवसा त्यावर नाही.

तोंड मात्र बरंच काही सांगतं. ब्रश करताना रक्त येणं, हललेले दात, सतत कोरड, जिभेवर पुसला जाणारा पांढरा थर, हे सगळं एकत्र दिसलं तर साखर तपासाच. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर आवरू देत नाही. हिरड्यांच्या नीट उपचारांनंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास खाली येतं. दातांच्या डॉक्टरकडे जायला टाळाटाळ करणाऱ्यांना हे कुणी सांगतच नाही!

आणि एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही. फक्त बाबांना ॲनिमिया असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आकडा फसवा येऊ शकतो.