वही जाळू नका, वेळ बदला

पत्र थोडक्यात: वय ४३, नागपूर. आठ महिन्यांपूर्वी कर्करोगामुळे एक स्तन काढला. ऑड्री लॉर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्रीचं 'कॅन्सर जर्नल्स' वाचून लिहायला लागले. रोज रात्री अकरानंतर दोन तास लिहिते. तीन महिन्यांत दोन वह्या भरल्या, पण झोप उडाली. त्यात जाऊबाईंनी एक वही वाचली आणि घरभर बोभाटा झाला. लॉर्डसारख्या त्या कृष्णवर्णीय बायका लिहून बऱ्या होतात, मग मी का नाही? वह्या जाळून टाकू का? सोबत दोन पानांची झेरॉक्स पाठवते आहे.

ताई,

जाळू नका. आधी रात्रीचं लिहिणं थांबवा.

लॉर्डने दुखणं कागदावर ओतलं आणि ती मोकळी झाली, असं तुम्हाला वाटतंय. पण तिची स्तन काढण्याची शस्त्रक्रिया सप्टेंबर १९७८ ची. नोंदी सुरू झाल्या त्यानंतर काही महिन्यांनी आणि पुस्तक आलं १९८० मध्ये. त्यात नोंदींचे तुकडे निबंधांत गुंफलेले आहेत. म्हणजे ती लिहून थांबली आणि मग त्याच मजकुराकडे लांबून पाहायला परत आली. तुमचं रोज फक्त ओतणं चाललंय.

शिवाय ती काय लिहिते ते पाहा. रुग्णालयात एक स्वयंसेविका तिला ब्रेसियरमध्ये घालायला लोकरीचा मऊ गोळा आणून देते. तो फिकट गुलाबी असतो, तिच्या अंगावर भलताच पांढुरका दिसतो. तो बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काळी बाई नव्हतीच, हे त्या एका रंगात कळतं. दहा दिवसांनी ती टाके काढायला जाते. अंगाच्या दोन बाजू सारख्या नाहीत तर नाहीत, म्हणून एकाच कानात पक्ष्याचं लोंबतं डूल घालून जाते. तिथली नर्स सांगते की येताना ब्रेसियरमध्ये काहीतरी घालून या, नाहीतर इथल्यांचं मनोबल खचतं.

तुमच्या दोन पानांत 'माझ्याच वाट्याला का' सात वेळा आलंय. आणि 'शिंप्याकडे माप द्यायला गेले, दारातूनच परतले' हे अर्ध्या ओळीत उरकलंय. लिहायचं ते हे! शिंप्याचं दुकान, हातातलं ब्लाउजपीस, पायरी, कोण काय म्हणालं. सात वेळा आलेलं वाक्य म्हणजे दुःख उगाळणं. त्याने मेंदू जागा राहतो आणि हाती काही लागत नाही.

आता रीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात तपासलेली पद्धत साधी आहे: सलग चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, एकाच घटनेवर, शुद्धलेखनाची पर्वा न करता. मोबाइलवर गजर लावा आणि तो वाजला की वाक्य अर्धवट असलं तरी पेन खाली. वेळ सकाळची किंवा दुपारची ठेवा, झोपण्याआधी तीन तास तरी नको. लिहून झाल्यावर थोडा वेळ उदास वाटतं, ते अपेक्षितच आहे. म्हणून लगेच हाताचं काम घ्या, भाजी निवडा, कपडे घडी घाला. उदासपणा दुसऱ्या दिवशीही तितकाच राहिला, तर ती घटना सध्या सोडा आणि हलकी घ्या. चौथ्या दिवशी पहिलं पान काढून शेजारी ठेवा. 'कारण', 'आता कळतं' असे शब्द नव्याने आले असतील तर मजकूर पुढे सरकतोय. तीच वाक्यं असतील तर 'मी'च्या जागी 'ती' घालून लिहा. मग आठवडाभर सुट्टी.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर वहीच्या बाहेर आहे. त्या बायका एकट्याने बऱ्या झाल्या नाहीत. १९८३ साली अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात आरोग्य कार्यकर्त्या बिली एव्हरी यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्यावर परिषद भरली. त्या चळवळीतल्या स्वमदत गटांत बायका गोल बसून आपली खरी हकिगत मोठ्याने सांगत. (लॉर्डने स्वतःची काळजी घेण्याला राजकीय लढाई म्हटलं, ते कर्करोग यकृतात पोचल्यावर. आता ते वाक्य कॉफीच्या मगवर विकतात, मागची बाई आणि चळवळ दोन्ही वगळून.)

तुम्हीही चार-पाच जणी जमवा, शस्त्रक्रिया झालेल्या दोघी असल्या तर उत्तम. प्रत्येकीने पाच मिनिटं वाचायचं. ऐकणारीने सल्ला द्यायचा नाही, 'माझ्या नणंदेचंही असंच' म्हणायचं नाही, फक्त कोणती ओळ मनात राहिली ते सांगायचं. बाहेर काही न्यायचं नाही. असे गट मोडतात ते बहुतेक सल्ल्यामुळे आणि चहा लांबल्यामुळे.

राहिल्या जाऊबाई. त्यांना एकदाच, शांतपणे सांगा: "ती वही माझ्या आजारपणाची होती, पुन्हा हात लावू नका." स्पष्टीकरण नको. कच्चं लिखाण यापुढे सुट्या फुलस्केपवर करा आणि हवं तर फाडा. बरं वाटतं ते लिहिण्याने, जपून ठेवल्याने नव्हे. राखायचं तेवढंच वहीत उतरवा, माणसांची नावं बदलून. कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका हॅरिएट जेकब्ज यांनी आपलं गुलामगिरीतलं आयुष्य १८६१ मध्ये टोपणनावानेच छापलं. 'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या आपल्या फलटणच्या बेबी कांबळे दुकानात बसून लिहीत आणि ते कागद कित्येक वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवत.

झोप दोन आठवड्यांत सुधारली नाही, किंवा जगणं नको वाटलं, तर वहीची वाट पाहू नका. तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना सांगून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू आणि मोफत आहे.

जुन्या दोन वह्या लिफाफ्यात घालून चिकटपट्टी लावा, वर सहा महिन्यांनंतरची तारीख टाका आणि विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवायला द्या. उद्या सकाळी शिंप्याच्या पायरीपासून सुरुवात करा.