दोन विमान कंपन्यांकडून नोकरी मिळत असताना, दुसऱ्या शहरातून ये-जा करणाऱ्या वैमानिकाने कोणती निवडावी?

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे. तुमचे बिऱ्हाड अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत असून पत्नीची रुग्णालयातील नोकरी आणि मुलीची शाळा यांमुळे ते निदान काही वर्षे हलणार नाही. तुमचे वय ३४ आहे. एका मोठ्या, जुन्या कंपनीने सहवैमानिकाची जागा देऊ केली आहे व तेथे नवख्यांना न्यूयॉर्कचा बेस, म्हणजे फेऱ्या जेथून सुरू होऊन जेथे संपतात ते ठिकाण, मिळतो. दुसरी कंपनी स्वस्त तिकिटांची आहे, तिचा बेस डेन्व्हरला आहे, तिचा प्रशिक्षणवर्ग पाच आठवडे आधी सुरू होतो आणि तेथे कप्तानपद लवकर मिळेल असे तुम्हाला सांगण्यात आले आहे. दोन्हीकडे कामावर विमानानेच जावे लागणार आहे.

मी सेंट लुइसहून न्यूयॉर्कला सात वर्षे अशी ये-जा केली आणि त्यातली पहिली जवळजवळ अडीच वर्षे रिझर्व्हवर, म्हणजे ठरलेल्या फेऱ्या नसताना बोलावण्याची वाट पाहत, काढली. म्हणून पगाराचे तक्ते आणि विमानांचे आकार तूर्त बाजूला ठेवून एकच गोष्ट आधी शोधून काढा, असे मी सांगेन: त्या बेसवर, त्या विमानावर, नवखा सहवैमानिक किती महिने रिझर्व्हवर राहतो, आणि तो रिझर्व्ह शॉर्ट कॉलचा असतो की लाँग कॉलचा. हातात लाइन, म्हणजे महिन्याच्या ठरलेल्या फेऱ्या, असलेल्या माणसाला ये-जा सोसवते, कारण महिन्याचे वेळापत्रक आधीच कळलेले असते. खरी दमछाक होते ती रिझर्व्हवर असताना.

शॉर्ट कॉलमध्ये फोन आल्यावर साधारण दोन तासांत विमानतळावर हजर व्हावे लागते, म्हणजे फोन येवो वा न येवो, ते सगळे दिवस बेसच्या गावातच काढावे लागतात. अमेरिकेच्या केंद्रीय विमान वाहतूक नियमांचा ११७ वा भाग हा उपलब्धतेचा काळ एका वेळी १४ तासांहून लांबू देत नाही, पण ते १४ तास तुम्ही भाड्याच्या बंकवर पडून काढता की स्वतःच्या घरी, याच्याशी नियमाला देणेघेणे नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या क्यू गार्डन्स या वस्तीला विमान कर्मचारी गमतीने 'क्रू गार्डन्स' म्हणतात, इतके क्रॅशपॅड, म्हणजे विमान कर्मचाऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या झोपायच्या जागा, तेथे आहेत. माझ्या क्रॅशपॅडवर एका खोलीत सहा जण झोपत आणि सहा जणांचे गजर सहा वेगळ्या वेळी वाजत; एका महिन्यात मी तेथे चौदा रात्री काढल्या आणि उड्डाणे केली फक्त तीन दिवस.

लाँग कॉलचे तसे नाही. त्यात बोलावणे आल्यापासून हजर होईपर्यंत नियमाने किमान १० तासांची विश्रांती मिळावीच लागते आणि पुष्कळ करारांत ही मुदत १२ तास किंवा त्याहून अधिक असते, त्यामुळे घरी थांबता येते. मात्र कॅन्सस सिटीहून दिवसातले शेवटचे विमान सुटून गेल्यावर फोन वाजला आणि हजेरी सकाळची असली, तर ते बारा तास कागदावरच राहतात. म्हणून लाँग कॉल आहे एवढ्यावर खूश न होता, तो नवख्याच्या वाट्याला येतो का आणि कंपनी ऐनवेळी त्याचे शॉर्ट कॉलमध्ये रूपांतर करू शकते का, हे करारात वाचून घ्या.

आता ज्येष्ठतेविषयी, कारण लाइन, बेस आणि कप्तानपद हे सगळे रुजू होण्याच्या क्रमानेच मिळते. कंपनीच्या संपूर्ण यादीतला तुमचा क्रमांक आणि तुमच्या बेसवर, तुमच्या विमानावर, तुमच्या आसनाच्या यादीतले तुमचे स्थान या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि रोजचे आयुष्य दुसरीवर चालते. न्यूयॉर्कला राहणे महाग आणि पोहोचणे कटकटीचे असल्यामुळे अनेक कंपन्यांत तो नवख्यांचा बेस मानला जातो. लोक संधी मिळताच तेथून बदली मागतात, आणि त्यामुळेच मागे राहिलेला माणूस तेथे भराभर वर सरकतो. डेन्व्हरची गोष्ट उलट आहे. ते गाव वैमानिकांना आवडते, तेथे घर घेतलेले लोक सहसा हलत नाहीत, आणि तुमच्या वरचे लोक हलले नाहीत तर तुम्हीही हलत नाही. नकाशावर डेन्व्हर जवळ दिसत असले तरी तेथे लाइन मिळायला अधिक काळ लागणे अगदी शक्य आहे.

पाच आठवडे आधीच्या वर्गाला तुम्ही फार महत्त्व दिलेले दिसते. एकाच कंपनीत दोन तारखांची निवड असती तर मी डोळे मिटून आधीची घ्या म्हटले असते, कारण तो क्रमांक वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत, म्हणजे तुमच्या बाबतीत ३१ वर्षे, सोबत राहतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या याद्यांची मात्र अशी तुलना होत नाही.

लवकरच्या कप्तानपदाकडेही ये-जा करणाऱ्याने जरा सावधपणे पाहावे. कप्तान झालेला सहवैमानिक कप्तानांच्या यादीत तळाला जातो. ज्या लाइनसाठी दोन वर्षे वाट पाहिली ती सोडून पुन्हा रिझर्व्हवर, पुन्हा क्रॅशपॅडवर, आणि कदाचित कोणालाच नको असलेल्या तिसऱ्याच बेसवर. पगार वाढतो हे खरे. पण माझ्या ओळखीचे कितीतरी जण कप्तानपद मिळत असतानाही काही वर्षे उजव्या आसनावरच, म्हणजे सहवैमानिकच, राहिले, आणि त्यांच्या घरच्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही.

फेऱ्यांची रचना हा यापुढचा मुद्दा, आणि बेसच्या गावात राहणारे वैमानिक याबाबत तुम्हाला नकळत चुकीचा सल्ला देतील. सकाळी निघून संध्याकाळी परत येणाऱ्या एकदिवसीय फेऱ्या त्यांना सोन्यासारख्या वाटतात, कारण ते रोज घरी झोपतात. तुम्हाला अशी प्रत्येक फेरी म्हणजे क्रॅशपॅडवरची किंवा स्वतःच्या पैशाने घेतलेल्या हॉटेलातली एक रात्र. तुमच्या उपयोगाची असते ती चार दिवसांची फेरी, पहिल्या दिवशी दुपारी सुरू होणारी आणि चौथ्या दिवशी दुपारी संपणारी. महिन्याला अशा चार फेऱ्या केल्या की बेसला फक्त चार वेळा जावे लागते. काही स्वस्त कंपन्या हॉटेलांचा खर्च वाचवण्यासाठी एकदिवसीय फेऱ्यांकडे झुकल्या आहेत, तेव्हा डेन्व्हरच्या कंपनीचे गेल्या दोन-तीन महिन्यांचे फेऱ्यांचे पत्रक मिळवून त्यात बहुदिवसीय फेऱ्या किती आहेत ते मोजा.

घड्याळाचा हिशेबही मांडायला हवा. सकाळी ६ वाजता कॅन्सस सिटीहून निघालात तर डेन्व्हरला तेथील वेळेनुसार सातच्या सुमारास उतराल, कारण तेथील घड्याळ एक तास मागे असल्याने जाताना एक तास मिळतो. नऊ-दहाच्या हजेरीसाठी त्याच सकाळी घरून निघता येईल. परतताना तोच तास जातो आणि संध्याकाळी उशिरा संपलेल्या फेरीनंतर घरी पोहोचायला मध्यरात्र होते. न्यूयॉर्कला जाताना एक तास गमावून तुम्ही पावणेदहाच्या आसपास उतराल, त्यामुळे सकाळच्या हजेरीसाठी आदल्या रात्रीच जावे लागेल, पण परतीचा प्रवास सोपा होईल. पुढे तेथे मोठ्या विमानावर जाता आले तर चित्र पालटते: युरोपची उड्डाणे बहुतेक दुपारनंतर आणि रात्री निघतात, परतीची विमाने बरीचशी दुपारी उतरतात, आणि दोन्ही बाजूंना त्याच दिवशीची ये-जा बसते.

ती बसते म्हणून करावीच असे नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी न्यूअर्कहून निघालेले कोल्गन एअरचे विमान बफेलोजवळ कोसळून ५० माणसे गेली. सहवैमानिक आदल्या रात्री सिअॅटलहून मेम्फिसमार्गे मालवाहू विमानांतून न्यूअर्कला आली होती आणि फ्लोरिडात राहणाऱ्या कप्तानाने कर्मचाऱ्यांच्या विश्रांतिकक्षात रात्र काढली होती. तपास मंडळाने अपघाताचे कारण म्हणून कप्तानाची चुकीची हाताळणी नोंदवली. थकव्याने दोघांची कार्यक्षमता घटली असावी, पण किती ते ठरवता येत नाही, असेही म्हटले. आजचे विश्रांतीचे नियम त्यानंतरच्या कायद्यातून आले, पण ये-जा करण्यात गेलेला वेळ त्यांनी कामात धरलेला नाही. ताजेतवाने हजर होण्याची जबाबदारी तुमच्यावरच आहे. पहाटे चारला उठून न्यूयॉर्क गाठायचे आणि संध्याकाळी अटलांटिक ओलांडायला बसायचे, हे मी दोनदा केले आणि नंतर बंद केले.

जागेच्या उपलब्धतेसाठी दिवसाला किती विमाने जातात यापेक्षा कोणाची जातात ते आधी पाहा. स्वतःच्या कंपनीच्या विमानात कर्मचाऱ्याला अग्रक्रम मिळतो, तर दुसऱ्यांच्या विमानात मोकळी जागा किंवा कॉकपिटमधली जादा बसायची जागा, म्हणजे जंपसीट, एवढाच आधार असतो, आणि जंपसीट ही त्या विमानाच्या कप्तानाच्या परवानगीची गोष्ट आहे. न्यूयॉर्कच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. पुष्कळ कंपन्या लग्वार्डिया, केनेडी आणि न्यूअर्क हे तिन्ही विमानतळ एकच बेस धरतात. एकदा लग्वार्डियाचे विमान भरल्यामुळे मी न्यूअर्कला उतरलो, हजेरी केनेडीवर होती, आणि दोन्हींच्या मधे सगळे मॅनहॅटन तुंबलेले होते. त्या दिवशी मी पाऊण तास उशिरा पोहोचलो. करारात ये-जा करणाऱ्यांसाठीचे कलम होते, म्हणून निभावले. हजेरीपूर्वी पोहोचवू शकणाऱ्या दोन विमानांसाठी प्रयत्न केल्याची नोंद असेल तर गैरहजेरीची कारवाई होत नाही, असे या कलमाचे सर्वसाधारण स्वरूप असते. दोन्ही कंपन्यांत ते आहे का आणि प्रोबेशनच्या पहिल्या वर्षातही लागू होते का, हे विचाराच.

पैशाबद्दल थोडेच सांगतो. न्यूयॉर्क राज्याच्या प्राप्तिकराची भीती बाळगू नका. अनेक राज्यांत उडणाऱ्या विमान कर्मचाऱ्यावर त्याच्या निवासाचे राज्य, आणि एखाद्या राज्यात निम्म्याहून अधिक वेतन कमावले जात असेल तर ते राज्य, एवढीच कर लावू शकतात, असा केंद्रीय कायदा आहे. क्रॅशपॅडचे भाडे मात्र केंद्रीय करातून वजा होत नाही, कारण कराच्या दृष्टीने तुमचा बेस हेच तुमचे कामाचे मुख्य ठिकाण.

तुम्ही लिहिले आहे तेवढ्यावरून मी न्यूयॉर्क निवडले असते, पण दोन अटींवर: नवख्याला लाँग कॉल मिळत असला पाहिजे आणि साधारण वर्ष-दीड वर्षात लाइन मिळत असली पाहिजे. यातली एक जरी गोष्ट नसेल आणि डेन्व्हरच्या पत्रकात चार दिवसांच्या फेऱ्या भरपूर असतील, तर डेन्व्हर घ्या. ही माहिती भरती विभागाकडून मागू नका, ते तुम्हाला सरासरी सांगतील. गेल्या दीड वर्षात त्या बेसवर रुजू झालेला एखादा सहवैमानिक गाठा आणि त्याच्याकडून मागच्या महिन्याच्या बिडचा, म्हणजे वैमानिकांनी नोंदवलेल्या पसंतींनुसार झालेल्या फेऱ्यांच्या वाटपाचा, निकाल मागा. लाइन मिळालेल्यांतला सर्वांत कनिष्ठ माणूस केव्हा नोकरीला लागला, ते त्यात दिसेल. दोन्ही बेसचे ते आकडे मिळाले तर उत्तराखाली लिहा, मी पाहून सांगतो.