चेनसॉ सुरू होत नाही? आधी प्लग काढून बघा

तुम्ही लिहिलंय की मशीन चार-पाच महिने पडून होतं, टाकीत जुनंच पेट्रोल होतं. तिसऱ्या ओढीला एकदा ‘फट्’ झालं, त्यानंतर हात दुखेपर्यंत दोरी ओढूनही काही नाही, आणि आता पेट्रोलचा वास सुटलाय. कार्बोरेटरचे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे) स्क्रू फिरवून बघू का, असं विचारलंत.

स्क्रूंना हात लावू नका. ठेवलं तेव्हा मशीन नीट चालत होतं, म्हणजे सेटिंग बरोबर होतं. पडून राहिल्यावर पेट्रोल बिघडतं, रबर कडक होतं, जाळ्या तुंबतात. स्क्रू काही आपणहून फिरत नाहीत. सुरुवातीला मीही तेच केलं होतं. दोष होता टाकीतल्या फिल्टरमध्ये, मी फिरवत बसलो स्क्रू. फिल्टर बदलला तरी मशीन आयडलला, म्हणजे रेस न देता मंद चालताना, टिकेना, आणि सेटिंग परत जागेवर आणण्यात दोन दिवस गेले.

ते एकदाच आलेलं ‘फट्’ महत्त्वाचं आहे. तेवढं झालं याचा अर्थ ठिणगी पडतेय, पेट्रोल आत पोचतंय आणि पेट घेण्याइतकं कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) आहे. थंड इंजिनाला पूर्ण चोक (हवा अडवणारी झडप) लागतो तो फक्त त्या पहिल्या आवाजापर्यंत. आवाज आला की लगेच चोक अर्ध्यावर आणायचा आणि पुढच्या ओढी तिथूनच मारायच्या. चोक तसाच राहिला तर हवा अडते, पेट्रोल मात्र प्रत्येक ओढीला आत जातं, आणि प्लग भिजतो. बंद मशीनचा पहिला आवाज फार बारीक असतो, कान देऊन ऐकावा लागतो. माझा अंदाज, तुमचं इंजिन ओव्हरफ्लो झालंय, म्हणजे आत जास्तीचं पेट्रोल साचलंय, आणि पेट्रोलही शिळं आहे.

स्विच बंद करा, प्लगवरची वायरची टोपी काढून प्लग (ठिणगी पाडणारा भाग) बाहेर काढा. ओला असेल तर अंदाज बरोबर. प्लग पुसून वाळवा. चोक अजिबात लावलेला ठेवू नका, प्लगचं भोक स्वतःपासून दुसरीकडे वळवा आणि दहा-पंधरा वेळा दोरी ओढा. साचलेलं पेट्रोल तुषारांसारखं बाहेर उडेल, म्हणून जवळपास विडी-सिगारेट, शेगडी काहीही नको आणि प्लगची टोपी त्या भोकापासून लांब ठेवा. मग पंधरा मिनिटं तसंच उघडं राहू द्या.

तेवढ्यात टाकी रिकामी करा. ऑइल मिसळलेलं पेट्रोल महिनाभरानंतर मी वापरत नाही. इथेनॉल असलेलं पेट्रोल तर हवेतली ओल ओढून घेतं. नवं मिश्रण तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत दिलंय त्याच प्रमाणात करा. बऱ्याच मशीनना 50:1 चालतं, म्हणजे 1 लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल. काहींना 25:1 लागतं, म्हणजे 40 मिली. नुसतं पेट्रोल कधीही घालू नका. या इंजिनाला वंगण मिळतं ते त्या मिश्रणातूनच, आणि कोरड्या पिस्टनची वाट लागायला काही मिनिटं पुरतात.

प्लगच्या टोकांमधली फट साधारण 0.5 मिमी हवी. प्लग बसवा, चेन ब्रेक लावा, मशीन जमिनीवर टेकवा, मागच्या मुठीत पाय घाला आणि आता पूर्ण चोक न लावता ओढा. चोक एकदा पूर्ण लावून परत अर्ध्यावर ढकलला की बऱ्याच मशीनमध्ये थ्रॉटल (रेस देणारी झडप) थोडा उघडा अडकून राहतो; तो तसाच हवा. सुरू होताना पांढरा धूर येईल, घाबरू नका. मशीन हातात धरून हवेत झटका देऊन सुरू करायची सवय असेल तर ती आजच सोडा. पेट्रोल जिथे भरलं तिथून निदान 3 मीटर लांब जाऊन सुरू करा.

प्लग कोरडा निघाला तर गोष्ट वेगळी. मग पेट्रोल सिलिंडरपर्यंत येतच नाही. खात्री करायला प्लगच्या भोकात मिश्रणाचे दोन-चार थेंब टाका, प्लग लावा आणि ओढा. दोन सेकंद चालून बंद पडलं तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन दोन्ही ठीक आहेत. तारेचा आकडा करून टाकीतला फिल्टर बाहेर काढा. काळा, चिकट असेल तर बदला. त्याची नळी बोटांनी वाकवून बघा, टाकीत शिरते तिथेच ती बहुधा तडकते आणि तडा वाकवल्याशिवाय दिसत नाही. टाकीचं हवेचं छिद्र तुंबलं तर मशीन थोडं चालून मरतं आणि झाकण सैल केलं की परत जिवंत होतं. हे सगळं ठीक असेल तरच कार्बोरेटर उघडा. आतला डायफ्रॅम (पातळ रबरी पडदा) मऊ, लवचीक हवा. कडक झाला असेल तर धुऊन उपयोग नाही, पूर्ण किटच घाला. उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढा. गॅस्केट आणि डायफ्रॅमचा क्रम चुकला तर कार्बोरेटर काम करत नाही.

ठिणगीची शंका असेल तर प्लग टोपीत घालून त्याचं धातूचं अंग सिलिंडरला टेकवा, भोकापासून लांब, आणि स्विच चालू ठेवून ओढा. ठिणगी दिसली नाही तर दुसरा प्लग लावून बघा, कारण नवा प्लगही खराब निघतो. तरीही नाही तर कॉइलवरची (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागावरची) स्विचची वायर काढून बघा. ती कुठे घासून धातूला लागत असेल तर मशीन कायम ‘बंद’च राहतं.

कॉम्प्रेशन बघायला प्लग लावलेलं मशीन दोरीच्या मुठीवर टांगा. अडखळत, हळूहळू खाली यायला हवं. सरसर खाली आलं तर सायलेन्सर काढून पिस्टन बघा. उभे ओरखडे असतील तर ते काम मेकॅनिकचं. सायलेन्सर काढलाच आहे तर त्याची जाळीही ब्रशने साफ करा, काजळीने ती पूर्ण बुजते.

प्लग ओला निघाला की कोरडा, तेवढं कळवा. कोरडा असेल तर टाकीतल्या नळीचा फोटो टाका, कार्बोरेटर उघडण्याआधी.