अठरा टक्के, पण कशाचे?

प्रश्न : काका, कापसाच्या चुकाऱ्यातले पन्नास हजार मी एका क्रिप्टो टोकनमध्ये टाकले. ५० रुपयांच्या भावाने १,००० टोकन घेऊन ॲपवर स्टेक केले, म्हणजे बक्षिसाच्या बदल्यात अडकवून ठेवले. तेव्हा वर्षाला १८ टक्के परतावा दिसत होता. रोज सकाळी ०.४९ टोकन जमा होतात. आता भाव ३५ वर आलाय आणि परतावा मात्र २२ टक्के दाखवतोय. मित्र म्हणतो, ‘परतावा वाढला की लोक स्टेक करायला धावतील, बाजारात माल कमी होईल, भाव चढेल, अजून घे.’ बाबा म्हणतात, ‘तू व्याज मोजून राह्यला, मुद्दल कोठी हाय?’ पेरणीचे पैसे यात घालू का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : घालू नका. बाबांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. पतसंस्थेत ठेवींच्या टेबलावर माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे टक्का दिसला की आधी विचारतो, ‘कशाचा?’ तुमचे १८ टक्के टोकनचे आहेत, रुपयांचे नाहीत. वर्षभर तोच दर राहिला तर १,१८० टोकन होतील. ३५च्या भावाने त्यांचे ४१,३०० रुपये होतात. भाव साधारण ४२ रुपये ४० पैशांच्या खाली राहिला तर मुद्दलही निघत नाही. एकरी उतारा वाढला आणि यार्डात भाव पडला, तर घरी काय येतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता हे जादा टोकन येतात कुठून? बहुतेक साखळ्यांत (ब्लॉकचेन, म्हणजे टोकनचे व्यवहार जिथे लिहिले जातात ती सामायिक नोंदवही) ते नव्याने छापले जातात. व्यवहारांच्या शुल्काचा वाटा त्या मानाने थोडा असतो. समजा, वर्षात एकूण टोकन १२ टक्क्यांनी वाढले आणि ६० टक्के टोकन स्टेक केलेले आहेत. सगळे नवे टोकन त्यांनाच मिळाले, तर त्यांना २० टक्के पडतात. पण ढीगच १२ टक्क्यांनी फुगल्यामुळे तुमचा हिस्सा खरा वाढतो सुमारे ७ टक्के. आणि तेवढंही, ज्यांनी स्टेक केलं नाही त्यांच्या खिशातून येतं. उद्या सगळ्यांनीच स्टेक केलं तर दर १२ दिसेल आणि कोणाचाच हिस्सा वाढणार नाही. जाहिरातीत हा ७ टक्क्यांचा आकडा का नसतो, ते कळलं ना?

मित्राचं म्हणणं अगदीच खोटं नाही. स्टेक केलेला माल विक्रीला येत नाही, तेवढा पुरवठा आवळतो. पण रोज वाटले जाणारे टोकन विकणारेही असतात. व्हॅलिडेटरला, म्हणजे साखळीवरचे व्यवहार तपासणाऱ्याला, सर्व्हरचा खर्च रोकड्यात भागवावा लागतो.

शिवाय १८ चे २२ का झाले, ते पाहा. इथेरियम या मोठ्या साखळीवर स्टेक चौपट झाला की एकूण बक्षीस दुप्पटच होतं, म्हणजे प्रत्येकाचा दर निम्मा. भाव चढताना लोक येतात, दर उतरतो; लोक निघून गेले की उरलेल्यांचा दर वाढतो. कॉसमॉस या दुसऱ्या साखळीत तर स्टेक ठरलेल्या प्रमाणाखाली गेला की छपाईचा वेगच वाढवतात. तुमच्या टोकनचंही असंच असेल, तर २२ टक्के ही लोक सोडून चालल्याची खूण आहे. तिला खरेदीचा इशारा समजू नका.

आणि अडकण्याचं काय? स्टेक सोडवायला कॉसमॉसमध्ये २१ दिवस लागतात. मे २०२२ मध्ये लूना नावाचा टोकन कोसळला तेव्हा त्याचीही मुदत २१ दिवसांचीच होती, आणि भाव आठवडाभरात मातीमोल झाला. स्टेक केलेले बसले बघत.

कराचंही ध्यानात असू द्या : नफ्यावर ३० टक्के आणि वर सेस. तोटा मात्र दुसऱ्या टोकनच्या नफ्यातूनही वजा करता येत नाही.

टोकनचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. वर्षाला किती नवे छापतात, एकूण किती टक्के स्टेक आहेत आणि सोडवायला किती दिवस लागतात, हे त्या साखळीच्याच माहितीपत्रात शोधा. ॲपच्या पानावर विसंबू नका. स्टेक केलेल्यातले काही बियाण्या-खतासाठी लागणार असतील, तर मृगाची वाट न पाहता आजच सोडवायला टाका. भाव काय मिळेल ते त्या दिवशी ठरेल, पण निदान टोकन तरी हातात असतील.