पाटीवरचा मेनू

प्रश्न: ताई, ऑक्टोबरमध्ये लेकीकडे पॅरिसला चाललोय. तिच्या गल्लीत छोटं बिस्त्रो, म्हणजे साधंसं रेस्टॉरंट आहे, मेनू म्हणे रोज पाटीवर खडूने लिहितात. आम्ही दोघं शाकाहारी, जमेल का? आणि टीप किती द्यायची?

उत्तर: जमेल हो, पण थोडी तयारी हवी. पाटी असते कारण बाजारात जे चांगलं आलं तेच शिजतं, म्हणजे तुमच्या वेळेला लाल भोपळ्याचं सूप, सेप नावाचे रानमशरूम, अंजिरं वगैरे, पांढरा अ‍ॅस्परॅगस मात्र मागू नका, तो वसंतातला, दिवाळीत हापूस मागितल्यासारखं होईल! खरी गोम सूपात, भाजीचं दिसलं तरी स्टॉक, म्हणजे आतला रस्सा, बरेचदा चिकनचा, आणि सॅलडमध्ये 'लार्दाँ' दिसलं तर ते डुकराचं मांस, म्हणून लेकीला आदल्या दिवशी फोन करायला सांगा, छोट्या किचनमध्ये ऐनवेळी वेगळं करणं अवघड जातं. 'आँत्रे' म्हणजे तिथे स्टार्टर, मेन कोर्स नाही, माझा यात एकदा पोपट झालाय. पाणी 'काराफ दो' म्हणून मागा, फुकट मिळतं, ब्रेडसुद्धा. सर्व्हिस चार्ज बिलातच असतो, टीप वाटली तर दोनचार युरो. आणि शिरताना आधी 'बाँस्वार' (शुभ संध्याकाळ) म्हणा बरं का.