सेनाधिकाऱ्यांची महाविद्यालय-भेट आखताना

सेनाधिकाऱ्यांना महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या भेटीला बोलावण्याचे काम आपण सोलापुरात हाती घेतले, याचा मनापासून आनंद झाला. आरंभी दोनच गोष्टी सांभाळा.

पहिली गोष्ट तारखेची. जानेवारीतील सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, फेब्रुवारी-मार्चमधील बोर्डाच्या परीक्षा आणि आषाढीची पंढरपूरची गर्दी टाळूनच लेखी निमंत्रण पाठवा. सेवेतील अधिकाऱ्याला वरिष्ठांची परवानगी घ्यावी लागते, म्हणून केवळ फोनवरच्या होकारावर सभागृह ठरवू नका. मी आखलेली पहिली भेट त्याच चुकीमुळे आदल्या रात्री रद्द झाली आणि बार्शीहून पहाटेच्या एसटीने आलेल्या मुली कुलूपबंद दारावरून परत गेल्या; ते मला अजूनही सलते.

दुसरी गोष्ट वेळेची. नवखे संयोजक हारतुरे आणि प्रास्ताविकातच तास घालवतात. अधिकाऱ्याचे बोलणे २० मिनिटांत आटोपून उरलेला वेळ विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना द्या. एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) लेखी परीक्षा ९०० गुणांची, एसएसबी (सेनादलांच्या निवड मंडळाची) मुलाखतही ९०० गुणांची, आणि २०२२ पासून खडकवासल्याच्या या प्रबोधिनीत मुलींनाही प्रवेश, एवढे फळ्यावर ठळक लिहून ठेवा.

निवृत्त अधिकाऱ्यांशी संपर्कासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जाऊन या. बाकीचे तपशील पहिल्या भेटीनंतर पाहू.