आर्कान्सा विद्यापीठाची क्रॉस कंट्री परंपरा

प्रश्न : अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठाचा क्रॉस कंट्री (मोकळ्या, चढउताराच्या भूभागावरील लांब पल्ल्याची धावण्याची शर्यत) संघ एवढा नावारूपाला कसा आला?

उत्तर : याचे बरेचसे श्रेय जॉन मॅकडॉनेल या प्रशिक्षकांना द्यावे लागेल. आयर्लंडच्या मेयो परगण्यात जन्मलेले मॅकडॉनेल १९७२ मध्ये या संघाचे प्रशिक्षक झाले आणि २००८ मध्ये निवृत्त होईपर्यंत पुरुष संघाने राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्री स्पर्धेची ११ विजेतेपदे मिळवली. पहिले १९८४ मध्ये, तर १९९० ते १९९३ या काळात सलग चार. या शर्यतीत प्रत्येक संघाच्या सात धावपटूंपैकी पहिल्या पाच जणांच्या क्रमांकांची बेरीज होते व सर्वांत कमी गुणांचा संघ जिंकतो. त्यामुळे एकट्या तेजस्वी धावपटूच्या बळावर विजेतेपद हाती लागत नाही. महिला संघाने हे विजेतेपद प्रथम २०१९ मध्ये पटकावले.